सत्तर पानांचा पुडा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

तेंदूपत्त्याचा एक पुडा म्हणजे ७० पाने. असे १,००० पुडे झाले की एक प्रमाण गोणी होते. हा महाराष्ट्रातला हिशेब. शेजारच्या छत्तीसगडात पुडा ५० पानांचा असतो. भामरागडला इंद्रावतीच्या काठावर उभे राहिले की अलीकडे ७० आणि पलीकडे ५०. झाड तेच, ऊनही तेच आणि पाने तोडणारी माणसे तर बहुतेक एकमेकांच्या सोयऱ्याधायऱ्यातली. फरक फक्त मोजणीचा. आज मला बोलायचे आहे ते या मोजणीविषयी आणि ती ज्या हातांनी पुरी होते त्या हातांविषयी.

मी मुळातला शाळामास्तर. चंद्रपुरात बरीच वर्षे इतिहास शिकवला. नोकरीच्या शेवटच्या काळात दहावीच्या उत्तरपत्रिका तपासता तपासता उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला कळ येऊ लागली. आधी लिहिताना, मग चहाचा कप उचलताना, शेवटी दाराची कडी काढतानाही. डॉक्टरांनी मला अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितले. मी ओरडलोच. ते हसून म्हणाले, ‘मास्तर, हे धोबिणींचे दुखणे तुम्हाला कुठून लागले?’

इतिहास शिकवणाऱ्याला असे काही सांगितले की तो स्वस्थ बसत नाही. शोधले तेव्हा कळले की फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन नावाच्या स्विस शल्यवैद्याने १८९५ साली या दुखण्याचे वर्णन केले, म्हणून त्याला त्याचे नाव मिळाले. कपडे पिळणाऱ्या बायकांत ते फार दिसे, म्हणून इंग्रजीत त्याला धोबिणीचे दुखणे असेही म्हणत. अंगठा उचलणारे स्नायू ज्या दोऱ्यांनी हाडाला बांधलेले असतात, त्यांतल्या दोन दोऱ्या मनगटाच्या कडेला एका अरुंद नळीतून सरकतात. अंगठ्याची चिमूट धरून मनगट पुन्हा पुन्हा वाकवले की त्या नळीत घासतात, नळीचे अस्तर जाड होते आणि मग प्रत्येक हालचाल बोचते. पेन धरणे काय, कपडा पिळणे काय किंवा आज मोबाइलच्या काचेवर अंगठा फिरवणे काय, त्या नळीला फरक कळत नाही.

हे सगळे डोक्यात ताजे असतानाच २०१८ च्या मे महिन्यात मी भामरागडला गेलो. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे आश्रमशाळेत शिक्षक होता, त्याने बोलावले होते. आलापल्ली सोडली की सुमारे ६५ किलोमीटर जंगलातून रस्ता जातो, आणि मे महिन्यात त्या रस्त्यावर दुपारी माणूस दिसत नाही. सगळी गावे पहाटेच तेंदूवर गेलेली असतात. आम्हीही एका पहाटे एका माडिया कुटुंबाबरोबर निघालो.

तेंदूचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये झुडपांची छाटणी होते. त्यानंतर जी कोवळी फूट येते, तिची पाने साधारण दीड महिन्यात विडीच्या लायकीची होतात. ती पंधरा-वीस दिवसांतच तोडावी लागतात. पुढे पान जाड होते, आणि वळवाच्या पावसाने वा गारांनी डागाळलेले पान कुणी घेत नाही. बायका उजाडण्याआधी निघतात आणि ऊन चढले की ओझे घेऊन परततात. मग सावलीला बसून अख्खे घर पाने निवडते, एकावर एक रचते, सालीच्या वाखाने पुडा बांधते. संध्याकाळी पुडे ‘फळी’वर, म्हणजे संकलन केंद्रावर जातात. तिथे ते मोजून घेतले जातात आणि वाळत घातले जातात. मजुरी शेकडा पुड्यांवर.

१०० पुडे म्हणजे ७,००० पाने. प्रत्येक पान एकदा देठाशी चिमटीत धरून खुडायचे, दुसऱ्यांदा निवडून रचायचे. म्हणजे १४,००० चिमट्या, बांधणीच्या गाठी वेगळ्याच. एकट्या बाईने आठ तासांत हे करायचे म्हटले तर दर दोन सेकंदाला एक चिमूट पडते. अर्थात एकटी बाई ते करत नाही, घर करते. पण हिशेब डोळ्यांपुढे यावा म्हणून सांगितले. माझ्या उत्तरपत्रिका त्यापुढे काहीच नव्हत्या.

त्या घरातली आजी साठी ओलांडलेली असावी. तिला मराठी कळे, पण बोलणे माडियात. माझा विद्यार्थी दुभाष्या. मी माझे मनगट दाखवून विचारले, ‘आजी, हात दुखत नाही का?’ ती म्हणाली, ‘दुखतो ना. न दुखून जाईल कुठे?’ नंतर मी तिच्या हाताकडे नुसता पाहत राहिलो. सुना पान ओढत होत्या, आजी मोडत होती. देठ दोन बोटांच्या पेरांत धरून किंचित खाली दाबायचा, की तो आपोआप सुटतो. मनगट सरळच राहते, झटका बसत नाही. एका झुडपाला उजवा हात, पुढच्याला डावा. मधूनच ती तोडणे सोडून जमलेली पाने बांधायला बसे, मग उठून पाणी पिई. हे तिला कुणी शिकवले असे विचारले, तर तिला प्रश्नच समजला नाही.

आता थोडे मागे जाऊ, सव्वातीनशे वर्षांपूर्वीच्या इटलीत. बर्नार्डिनो रामाझ्झिनी नावाचा वैद्य तिथे निरनिराळ्या कामगारांच्या दुकानांत जाऊन बसे आणि रोग्याला एक जास्तीचा प्रश्न विचारी, ‘तुझा धंदा काय?’ त्यातून १७०० साली त्याचे कामगारांच्या रोगांवरचे पुस्तक झाले. १७१३ साली त्यात भर पडली आणि त्या भरीत कारकून-लेखनिकांवर एक प्रकरण आले. लेखनिकांच्या दुखण्याची त्याने तीन कारणे दिली: सतत बसणे, हाताची तीच ती हालचाल त्याच दिशेने अखंड करणे आणि चूक होईल, हिशेब बिघडेल ही मनावरची धास्ती. तिसरे कारण वाचून मी थबकलो. तोवर माझ्या मनगटाचा आणि माझ्या धास्तीचा संबंध असेल असे मला वाटले नव्हते.

रामाझ्झिनीने आपल्या ओळखीच्या एका लेखनिकाची हकीकत दिली आहे. जन्मभर लिहून त्याचा उजवा हात आधी थकला, मग लुळा पडला. गडी हिकमती, डाव्या हाताने लिहायला शिकला. काही काळाने डाव्याचेही तेच झाले. ही हकीकत मला फार मोलाची वाटते. नुसता हात बदलून भागत नाही. लिहिण्याचे ओझे जेवढ्यास तेवढे राहिले, तर दुसरा हात म्हणजे केवळ दुसरा बळी. मग आजीचा डावा-उजवा का चालतो? कारण तिच्या बदलण्यात हाताबरोबर काम बदलते, बसणे-उठणे बदलते आणि मधे थांबणे असते.

भामरागडच्या मुलखात पूर्वी कामाची रीतच अशी होती. पेंड्याची फिरती शेती, कोसरी, मोह वेचणे, नदीत मासे धरणे, बांबूच्या टोपल्या, घराचे छप्पर आणि रोजचे धान कांडणे. उखळाशी दोन बायका समोरासमोर उभ्या राहत. एकीचे मुसळ वर गेले की दुसरीचे खाली येई, आणि काही ठोक्यांनी हात बदले. एकीचा प्रत्येक ठोका म्हणजे दुसरीची विश्रांती. आपल्याकडे जात्यावर समोरासमोर बसणाऱ्या बायका हेच करत. कुऱ्हाड तर माडिया पुरुषाच्या खांद्यावर कायमची. तिचा दांडा तो बहुधा स्वतः तासतो, तो त्याच्याच मुठीच्या मापाचा होतो. बाजारातले तयार अवजार सगळ्यांच्या मापाचे, म्हणजे कुणाच्याच मापाचे नाही.

जुने तेवढे सोने, असे मला मुळीच म्हणायचे नाही. कांडणाने आणि दळणाने किती बायकांचे खांदे आणि कंबरा मोडल्या त्याची नोंद कुणी ठेवली नाही. गावात भाताची गिरणी आली तेव्हा कोणत्याही बाईने मुसळासाठी अश्रू ढाळल्याचे ऐकिवात नाही. माझे म्हणणे एवढेच, की त्या कष्टांत एकच एक हालचाल दिवसभर मोजून घेणारा कुणी समोर बसलेला नसे.

तो बसला तेंदूच्या निमित्ताने. विडीचा धंदा वाढला तसे ठेकेदार या जंगलात पोचले. १९६९ साली महाराष्ट्राने वनोत्पादनाच्या व्यापारावर नियंत्रणाचा कायदा केला, तेंदूचा व्यापार सरकारने हाती घेतला, जंगलाचे घटक पाडून लिलाव होऊ लागले. तेव्हा हा सगळा भाग चंद्रपूर जिल्ह्यात होता. गडचिरोली जिल्हा १९८२ साली झाला. पुढे पुड्याच्या दरावरून इथे मोठी आंदोलने झाली, बंदुकीच्या धाकानेही दर वाढले. पण सारे भांडण दराचे होते. पुडा किती पानांचा, फळी किती वाजता उघडायची आणि किती वाजता मिटायची, मोजणीला उशीर झाला तर बाईने किती वेळ ओणवे बसायचे, यावर भांडायला कुणाला सवड नव्हती. वर्षाची रोकड ज्या पंधरा दिवसांत हाती यायची, त्यांत हाताचा विचार कोण करणार? ‘हाताला आराम द्या’ हा डॉक्टरी सल्ला तिथे देऊन पाहा. माझी तर जीभ उचलली नाही.

इथले पान पुढे कामठी, गोंदिया, सिन्नर, सोलापूर अशा विडीच्या गावांकडे जाते. तिथे पुन्हा दुसऱ्या बाईचा हात. भिजवलेले पान पत्र्याच्या मापाने कात्रीने कापायचे, तंबाखू भरून अंगठा आणि दोन बोटांत वळायचे, तोंड दुमडायचे, दोरा बांधायचा. तिची मजुरी १,००० विड्यांवर. म्हणजे एका टोकाला शेकड्याचा हिशेब, दुसऱ्या टोकाला हजाराचा आणि दोन्हीकडे भार अंगठ्याच्या त्याच नळीवर. विडी कामगारांसाठी १९६६ साली कायदा झाला, त्यात कामाचे तास आले, सुट्टी आली. पण घरी बसून वळणाऱ्या बाईचे तास मोजणार कोण?

मोजणीच्या कामाने हात जातो, हे कायद्याने मान्य केल्याचे एक जुने उदाहरण मात्र आहे. तारखात्यातले लोक एका बटणावर दिवसभर कट्ट-कडकट्ट करत. त्यांचा हात अवघडे, बोटे ऐकेनाशी होत. ब्रिटनने १९०८ साली तारवाल्यांच्या या दुखण्याला नुकसानभरपाईच्या रोगांच्या यादीत घातले. त्याच्या आधी, १९०४ साली, अमेरिकेत होरेस मार्टिन नावाच्या तारवाल्याने वेगळीच कळ तयार केली होती. ती वरून खाली दाबायची नव्हती, आडवी ढकलायची होती. अंगठ्याने एकदा ढकलली की ठिपक्यांची माळ तीच वाजवी. भरपाई मिळाली ती हात गेल्यावर, आडव्या कळीने तो जाण्याआधी वाचवला. आपल्याकडची तारसेवा २०१३ साली बंद झाली, आणि त्या पिढीतल्या किती जणांचे हात दुखत राहिले ते त्यांनाच ठाऊक.

हाताच्या दुखण्याचे गणित ज्याने सर्वांत चांगले मांडले, तो माणूस मात्र भारतात जन्मलेला आणि भारतात काम केलेला. डॉ. पॉल ब्रँड. १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आल्यानंतर त्यांनी कुष्ठरोग्यांच्या आखडलेल्या बोटांवर शस्त्रक्रिया केल्या. पुण्याजवळ कोंढव्याला डॉ. नोशीर अंटिया यांनीही पुढे तेच काम केले. कुष्ठरोगात बोटे झडतात असा समज होता. ब्रँड यांनी दाखवले की बोटे आपोआप झडत नाहीत. संवेदना गेल्यामुळे दुखापत कळत नाही, आणि माणूस दुखावलेल्या बोटावरच जोर देत राहतो. १९६६ नंतर अमेरिकेतल्या कारव्हिलच्या कुष्ठ रुग्णालयात त्यांनी आणखी एक प्रयोग केला. बधिर केलेल्या उंदरांच्या तळपायावर ते यंत्राने मध्यम दाब देत. एकदा दिला तर काही होणार नाही एवढाच दाब, पण दिवसाला हजारो वेळा. काही दिवसांत तळवा सुजला, मग फाटला. वेळा कमी करून मधे सुटीचे दिवस ठेवले, तेव्हा कातडी फाटण्याऐवजी जाड, बळकट होत गेली.

हे वाचताना मला आमचे वरोऱ्याचे आनंदवन आठवले. १९५० च्या आसपास बाबा आमटे यांनी कुष्ठरुग्णांच्या हातांना कुदळ-फावडे दिले, तेव्हा त्यांतले अनेक हात असे बधिर होते. काम तर हवे, कारण त्यात माणसाची उभारी आहे; पण हात जपायचे, कारण ते स्वतः ओरडणार नाहीत. म्हणून कुष्ठसेवेत काही साध्या रीती रुजल्या. अवजाराचा दांडा कापड गुंडाळून जाड करायचा, म्हणजे घट्ट आवळावा लागत नाही. गरम भांडे फडक्याने धरायचे. रोज संध्याकाळी हात पाण्यात भिजवायचे, तेल लावायचे आणि डोळ्यांनी तपासायचे, कुठे लाल आहे, कुठे सूज आहे. बाबांनीच १९७३ साली भामरागडजवळ हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला, डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तिथे दवाखाना उभा केला. तिथे येणारे आदिवासी अस्वलाने ओरबाडलेले, झाडावरून पडलेले. हाताच्या चिमटीची तक्रार घेऊन एवढे चालत कोण येणार?

ब्रँड आणखी एक गोष्ट सांगत. निरोगी माणूस लांब चालताना नकळत पावलाचा भार इकडून तिकडे टाकत असतो, कारण कातडी कुजबुजत असते. आजीचे देठ मोडणे, हात बदलणे, मधेच उठणे ही तीच कुजबुज ऐकणे होते. सुनांना ती ऐकू येत नव्हती असे नाही. त्यांच्या कानात पुड्यांचा आकडा जास्त मोठ्याने वाजत होता. मीसुद्धा उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्यापुढे दुसरे काय केले?

मला डॉक्टरांनी जे सांगितले आणि आजीने न सांगता जे दाखवले, ते मी घरात लावून पाहिले. कपडे पिळायचे तर नळाला वेढा देऊन दोन्ही हातांनी, मनगट न मुरडता. भाजी चिरायची तर सुरी धारदार हवी, कारण बोथट सुरी मनगट खाते. भाताच्या कापणीसाठी कृषी विद्यापीठे दातेरी ‘वैभव’ विळ्याची शिफारस करतात, त्यातही हेच तत्त्व आहे. दाते कापतात, हाताला हिसका मारावा लागत नाही. झाडू, लाटणे, पेन यांचा दांडा बारीक असेल तर कापड किंवा रबर गुंडाळून जाड केला. बादली एका हाताने न उचलता दोन अर्ध्या बादल्या नेतो. बायको म्हणते, ‘तेवढ्यात दोन फेऱ्या होतात.’ होतात. पण त्या दोन फेऱ्यांत हात चार वेळा मोकळा होतो. मोबाइल टेबलावर ठेवून तर्जनीने चालवतो, नातवंडे हसतात. आणि रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, हातातून वस्तू निसटत असेल, तर घरगुती उपाय पुरे, डॉक्टर गाठावा. मी सहा महिने उशीर केला.

पण तेंदूवरच्या बाईचे काय? तिथे सुरी आणि बादलीच्या युक्त्या पुरत नाहीत. २००६ चा वनहक्क कायदा आला, २०१४ साली महाराष्ट्राने पेसाचे नियम केले, आणि गडचिरोलीतल्या अनेक ग्रामसभांनी तेंदू स्वतः विकायला घेतला. पूर्वी ठेकेदार आणि खाते ठरवत असे ते बरेचसे आता ग्रामसभेच्या बैठकीत ठरू शकते. मला वाटते, दराइतकीच चर्चा इतर गोष्टींची व्हावी. फळीवर सावली आणि मोजायला दोन माणसे, म्हणजे बायका दोन तास ताटकळणार नाहीत. पुडे ठेवायला कमरेएवढी मांडणी. आठवड्यात एक दिवस तोड बंद. दाभणासारखे एखादे साधे साधन, की वाख ओवताना अंगठ्याने गाठ रेटावी लागू नये. आणि नदीपलीकडे ५० चालतात तर इथे ७० च का, हे एकदा विचारावे. दर त्या प्रमाणात उतरेल, हे मला कळते. पण गाठ तर आधी सुटेल.

त्या दुपारी मोहाच्या सावलीत बसून मीही एक पुडा बांधला. पाने सारखी करायला, वाख गुंडाळायला मला इतका वेळ लागला की धाकटी नात तोवर सात-आठ पुडे बांधून मोकळी झाली. मी तो कौतुकाने आजीच्या हाती दिला. तिने तो न सोडताच अंगठ्याने कडा चाळली, माझ्याकडे पाहिले आणि विद्यार्थ्याला माडियात काहीतरी म्हणाली. सगळे हसले. मी विचारले, काय म्हणते?

‘सर, ६८ आहेत. असा पुडा फळीवर परत येतो.’